धारेवर पुठ्ठा

पिक्चर झाकायला पुठ्ठा कशाचा घ्यायचा, यावर कॉलेजात तीन शिकलेली माणसं वाद घालत बसली होती आणि मी प्रोजेक्टर मांडीवर घेऊन ऐकत होतो. हेमांगी मॅडम म्हणे काळा कागद घ्या. प्राचार्य म्हणे काळा नको, काळा पाहिला की निषेध वाटतो. तिसरे एक सर होते, त्यांना बहुतेक घरी जायचं होतं. ते म्हणाले, "चुनीभाऊंकडे असेल काहीतरी, ते बघतील." शेवटी सगळं माझ्यावरच येतं. मी साडीच्या खोक्याचं झाकण फाडून घेतलं.

मी चुनीलाल, कोरीटचा. शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून मंडप, साउंड, पडदा, प्रोजेक्टर हाच धंदा. लग्न असो, सप्ता असो, पुढाऱ्याची सभा असो, खाली नंदुरबारपासून वर मोलगीच्या बाजारापर्यंत माझ्या वायरी पसरलेल्या असतात. लोक स्टेजकडे बघतात, मागे टेबलावर बसलेल्याकडे कोणी बघत नाही. म्हणून मला ऐकायला पुष्कळ मिळतं. पण या एका पिक्चरपायी जेवढं ऐकलं तेवढं मी कधी ऐकलं नाही. कान दुखायला लागले भो.

पिक्चर होता सुषमाचा. सुषमा पावरा, मोलगीच्या वरच्या एका पाड्याची पोर. कॉलेजच्या होस्टेलात राहायची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. हेमांगी मॅडम मराठी शिकवायच्या, त्यांनी पोरापोरींना मोबाईलवर छोटे पिक्चर काढायला लावलेले. कोणी प्रकाशाच्या घाटाचा काढला, कोणी मिरची वाळवायच्या पथारीचा. सुषमाने आपल्या आजाचा काढला.

आजाचं नाव रायसिंग. पाड्यावर नवीन पीक घरात आलं की त्यांची नवाई असते. आपण नवं धान्य आणलं आणि खाल्लं असं त्यांच्यात नसतं. आधी घरातल्या मेलेल्यांना द्यायचं, मग जित्यांनी खायचं. पिक्चरमधी म्हातारा उकिडवा बसलेला, हातात पळसाच्या पानाचा दोना, दोन्यात मोहाची. एकेका मेलेल्याचं नाव घ्यायचं आणि जमिनीवर बारीक धार सोडायची. नाव घ्यायचं, धार सोडायची. बाप, आजा, चुलते, कोण कोण, लांबच लांब ओळ. शेवटी उरलेली मग बसलेल्या माणसांना. बस, एवढाच पिक्चर. मागे कोंबड्या ओरडत होत्या आणि एक बाई हसत होती.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी टेबलावरून उठलो नाही. चहा आला होता, गार झाला. माझा बाप गेला तेव्हा त्याच्या आजाचं नाव आम्हाला कोणालाच सांगता येत नव्हतं, भटजी विचारत बसला होता.

गॅदरिंगला सगळे पिक्चर दाखवायचे ठरलेले. त्याच्या आधी कमिटीने एकदा बघून घ्यायचे, असा प्राचार्यांचा नियम. योगेंद्र सर त्यांचं नाव. माणूस वाईट नाही, पण फोन वाजला की दचकतो. कमिटीत संस्थेचे अध्यक्ष गोपालदादा. तापीकाठचे, केळी आणि ऊस. भला माणूस, पोरांची फी स्वतः भरणारा. ते पिक्चर संपेपर्यंत शांत बसले आणि मग म्हणाले, "पोरी, चांगला शे तुन्हा पिक्चर. पन ते काय वती ऱ्हायना म्हातारा?"

"धार देतोय, दादा."

"कसानी धार?"

"मोहाची."

"म्हनजे दारूच ना भो."

"ती आमच्यासाठी नाहीये दादा. ती त्यांची असते. मेलेल्यांची."

गोपालदादांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तुन्हं खरं शे. पन लोके काय म्हनतीन? संस्थाना पडदावर दारू. मन्हा बापनी हाई कॉलेज काढं तवय आधी व्यसनमुक्तीनी शपथ दिधी व्हती बठा लोकेसले."

आता हे गोपालदादा. यांच्याकडे लग्नाला गुजरातचे पाहुणे येतात, तिकडे दारूबंदी, इकडे आले की पाहुण्यांचा मंडप वेगळा मारायला लागतो आणि तो मीच मारतो. पण मी काय बोलणार. मी वायर गुंडाळली.

दुसऱ्या मिटिंगला पुन्हा प्रोजेक्टर, पुन्हा पडदा. या वेळी फत्तेसिंग आला होता. तो सुषमाच्याच समाजाचा, डोंगरातलाच, वकिली शिकलेला, पोरांची संघटना चालवतो. मला वाटलं हा पोरीच्या बाजूने बोलेल. सुषमालाही तसंच वाटलं असावं, ती जरा सरळ बसली.

फत्तेसिंग म्हणाला, "सुषमा, आम्ही गावोगाव फिरून लोकांच्या हातापाया पडतो, दारू सोडा म्हणून. आणि तू मोठ्या पडद्यावर लावतेस. उद्या कोणी एवढाच तुकडा कापून मोबाईलवर फिरवेल. खाली काय लिहील ते मी सांगू का तुला?"

"भाऊ, तुमच्या घरी नवाई होत नाही का?"

"होते."

"धार?"

"होते."

"मग?"

"घरात होते. घरात," फत्तेसिंग म्हणाला. "या लोकांसमोर नाही."

सुषमा पुन्हा मागे टेकली. तो खोटं बोलत नव्हता, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. असल्या तुकड्यांखाली काय काय लिहितात ते मी माझ्या मोबाईलवर वाचलेलं आहे.

मग मिटिंगा सुरू झाल्या त्या थांबेचनात. मी घरी उशिरा जायला लागलो तर आमची रंजनाबाई म्हणाली, "कॉलेजमा नाव लिखाडं का काय तुम्हीन? मंग पोरगासनंगत परीक्षाले बी बसा." मी म्हटलं, बसलो तर पास होईन, पिक्चर पाठ झालाय.

एका मिटिंगला म्हाताऱ्याच्या उघड्या छातीचा विषय निघाला. एका मिटिंगला कोंबड्यांचा, की त्या कापणार आहेत का म्हणून. पिक्चरमधी त्या नुसत्या फिरत होत्या. एक सर म्हणाले, दोन्यावर धुकं टाकता येतं, टीव्हीवर टाकतात तसं. दुसऱ्यांनी सुचवलं, खाली एक ओळ लिहा, मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे. ती ओळ खरंच टाकून पाहिली त्यांनी. म्हातारा बापाचं नाव घेतोय आणि खाली आरोग्य.

सुषमा म्हणाली, "सर, ज्यांना देतोय ते सगळे मेलेले आहेत. आरोग्य कोणाचं बिघडणार?"

हेमांगी मॅडमने पदर तोंडाला लावला. प्राचार्य हसले नाहीत. त्यांचा चेहरा इतका दमलेला होता, मला वाटलं हा माणूस आता टेबलावर डोकं टेकून झोपतो की काय. ते म्हणाले, "सुषमा, मला तुझा पिक्चर आवडतो. खरंच आवडतो. पण मला रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेत. तू तो तुकडा काढून टाक ना, बेटा."

"मी कापणार नाही, सर. नाहीतर दाखवू नका."

दाखवूच नये, तर मग उलट फत्तेसिंगचीच संघटना म्हणणार, आदिवासी पोरीचा पिक्चर अडवला. दाखवावा, तर गोपालदादा. कापावा, तर पोर ऐकत नाही. अशी सगळीकडून गाठ बसली. ती हेमांगी मॅडमने सोडवली. बिचाऱ्या रोज एकाची समजूत घालत होत्या, आवाज बसला होता त्यांचा. त्यांनी सांगितलं, पिक्चर आहे तसा राहू द्या. धारेच्या वेळी चुनीभाऊ प्रोजेक्टरच्या तोंडावर पुठ्ठा धरतील. पडदा काळा होईल, पण आवाज चालू राहील. नावं सगळ्यांना ऐकू जातील. दारू दिसणार नाही.

प्राचार्यांच्या जिवात जीव आला. "म्हणजे आपण कापत नाही. कापणं वेगळं आणि झाकणं वेगळं." गोपालदादांना फोन लावला, ते म्हणाले, दिसी नही ना, मंग चाली. फत्तेसिंगपण हो म्हणाला. सगळे सुषमाकडे बघायला लागले.

तिने पुष्कळ वेळ नखं पाहिली. मग विचारलं, "सगळी नावं ऐकू जातील? आवाज बारीक नाही ना करणार?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "उलट मोठा करू."

"मग चालेल," सुषमा म्हणाली. मला बाहेर व्हरांड्यात भेटली तेव्हा म्हणाली, "चुनीकाका, आजाला बोलावलंय मी. पुढच्या रांगेत बसवणार आहेत, शाल देणार आहेत. आमच्या माणसांची नावं या कॉलेजात कधी कोणी घेतली आहेत का? हजेरीत घेतात तेवढीच. हॉलभर ऐकू जायला पाहिजेत, काका. स्पीकर चांगले आणा."

मी नवे स्पीकर आणले.

गॅदरिंगच्या दिवशी मी सकाळीच गेलो. दुपारचा कार्यक्रम, म्हणून हॉलच्या खिडक्यांना आतून ताडपत्री मारायची होती. ते काम चाललं होतं तोवर बाहेर जीपचा आवाज. दिवाल्याची जीप, मोलगीकडून येणारी, तिच्यात जेवढी माणसं आत तेवढी वर. डोंगरातली माणसं कार्यक्रमाला नेहमी लवकर येतात, कारण जीप पहाटेच निघते. रायसिंग उतरला. पिक्चरमधी दिसतो त्यापेक्षा बारीक. धुतलेला पांढरा सदरा, गळ्याशी बटण लावलेलं, जीपच्या धुळीने अर्धा लाल झालेला. मी त्याला पाणी दिलं आणि आत पंख्याखाली माझ्या टेबलाजवळ बसवलं. सुषमा पाहुण्यांच्या स्वागताला फुलं लावत होती, लांबून हात केला तिने.

त्याची बोली पावरी. बाजारामुळे मला ती अर्धी कळते आणि त्याला आमची अहिराणी अर्धी कळते, त्यामुळे आमचं भागत होतं. तो वायरींकडे बघत बसला. मग टेबलावरच्या पुठ्ठ्याला बोट लावलं.

"हाई काय शे?"

"पुठ्ठा."

"कसाले?"

आता मला वाटलं होतं, पोरीने सांगितलं असेल. तिला वाटलं असेल, यात सांगण्यासारखं काय आहे, नावं तर ऐकू येणारच. मी म्हटलं, "बाबा, तू धार देस ना, तवय मी आठे हाई धरसू. धार दिसाव नही. मोठा लोकेसले चालत नही."

"बरं," म्हातारा म्हणाला. त्याला राग वगैरे काही आला नाही. मोठ्या लोकांना काय काय चालत नाही याची त्याला सवय असावी. थोड्या वेळाने म्हणाला, "आनि मन्हा आवाज?"

"आवाज चालू. जोरमा. पोरनी तेच तं मांगं."

त्यावर त्याने पुठ्ठा उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "म्हनजे नावे लेतीन आनि देतीन काहीच नही."

मी म्हटलं, "तसं नही बाबा, पिक्चर शे तो. धार तं तू दिधीच व्हती तवय."

"तवय दिधी. आज बलावशात त्यासले परत, इतला मोठा आवाजमा. ते येतीन. मंग?" तो खुर्चीवरून पुढे सरकला. "तुन्हा घर पाव्हनाले नाव लिसन बलावं, पाटवर बसाडं, आनि ताटमा काहीच नही टाकं, तं तो परत येई का?"

मी म्हटलं, "मंग मी पुठ्ठा लावतच नही. सांगसू, हात घसरना. काय करतीन मन्हं?"

"नही," तो म्हणाला. "पोरनी हो सांगेल शे ना? मंग ती खोटी पडी. तू पुठ्ठा लाव. पन आवाज बंद कर. धार झाकाई तं नाव बी झाकाव."

"बाबा, त्या नावेसनासाठे पोर इतली भांडनी. थांब, मी तिले बलावस."

मी उठलो. पण तोवर हॉलमधी पोरं शिरली होती, शिट्ट्या सुरू झाल्या होत्या, सुषमाला कोणीतरी स्टेजवर पाहुण्यांच्या मागे नेऊन बसवलं होतं. प्राचार्य मला हात करत होते, लाइट घालवा, लाइट घालवा. म्हाताऱ्याला पुढच्या रांगेत न्यायला दोन पोरी आल्या, तो उठेना. शाल आणली होती ती त्यांनी तिथेच अंगावर घातली आणि गेल्या.

तो माझ्या कानाशी आला. "चुनीभाऊ, तो आवाज मन्हा शे. मन्हा माले दे."

पोरीचा पिक्चर, म्हाताऱ्याचा आवाज, कॉलेजचा हॉल. माझं काय होतं, तर एक बटण.

दोन-तीन पिक्चर झाले. प्रकाशाच्या घाटाला टाळ्या पडल्या. मग सुषमाचा लागला. डोंगर दिसला, घर दिसलं, कोंबड्या दिसल्या तशा पोरांनी कुक्कूच्कू केलं. नवीन मका सोललेला दिसला. म्हातारा बसला, दोना उचलला. मी डाव्या हाताने पुठ्ठा धरला आणि उजव्या हाताने आवाज खाली ओढला, पूर्ण.

हॉल काळा. आवाज नाही. आधी शिट्ट्या झाल्या. कोणीतरी ओरडलं, ए ऑपरेटर, झोपला का. मग हसले. पण तो तुकडा लांब होता. त्या पाड्यावर मेलेली माणसं पुष्कळ आहेत. हसून हसून पोरं किती हसतील, थांबली. पंखे ऐकू यायला लागले. पुठ्ठ्याच्या कडेने उजेडाची एक फट छतावर पडली होती, तिच्यात पिक्चर हलत होता. मी शेजारी पाहिलं. रायसिंगने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. सवयीने नाव बाहेर पडेल अशी भीती असावी त्याला.

मला तो तुकडा पाठ होता म्हणून कळलं कधी संपला ते. पुठ्ठा काढला, आवाज वर केला. पडद्यावर माणसं मका खात होती आणि बाई हसत होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

लाइट लागल्यावर प्राचार्य टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवला. "आवाजाचं चांगलं सुचलं तुम्हाला. सगळंच टळलं." फत्तेसिंगने लांबून मान हलवली. गोपालदादांनी डोंगरातून आलेल्या माणसांना चहा-नाश्ता द्यायला सांगितलं, स्वतः उभं राहून दिला. सगळे खुश होते. इतके दिवस मिटिंगा झाल्या, पण सगळे एकदम खुश मी त्या दिवशीच पाहिले.

मी बाहेर जीपपाशी रायसिंगला बसवायला गेलो तर मागून सुषमा धावत आली. चेहरा लाल.

"चुनीकाका, आवाज का गेला?"

मी तोंड उघडलं. तिने बोलू दिलं नाही. "स्पीकर नवे आणले म्हणाला होता ना? की त्यांनी सांगितलं तुम्हाला? सरांनी सांगितलं? पैसे अडवतो म्हणाले का?"

"मी सांगितलं," रायसिंग म्हणाला.

हे आणि यापुढचं ते दोघं त्यांच्या बोलीत बोलले. मला कळलं तेवढं माझ्या भाषेत सांगतो.

"तू?" ती म्हणाली. "आजा, मी किती भांडले, माहिती आहे का तुला?"

"माहिती आहे. चुनीने सांगितलं."

"मग? सगळ्यांना ऐकू जायला पाहिजे होतं."

"सगळे कोण? कोंबडीसारखे ओरडत होते ते?"

"हो, तेच. त्यांनाच."

"त्यांना ऐकवायला मी माझ्या बापाला उपाशी बोलावू?"

दिवाल्या जीपच्या बॉनेटला टेकून बिडी ओढत होता. "आजा-नातीचं होऊ दे," तो मला म्हणाला, "पण घाट अंधाराच्या आत चढायचाय मला."

सुषमा जीपच्या फाळक्यावर बसली. रडत होती, पण रागाने. बोलली तेव्हा आवाज अगदी बारीक होता. "आजा, त्याच्यात सगळी नावं नव्हतीच."

"काय?"

"एक नव्हतं. मी काढलं होतं."

रायसिंगने शाल मांडीवर घेतली. "कोणाचं?"

"खात्याचं."

"का?"

"तेव्हा माझा हात हलला होता. धार दिसतच नव्हती, नुसती जमीन दिसत होती. वाईट दिसत होतं. मला वाटलं, एवढ्यात कोणाला कळणार आहे." तिने नाक पुसलं. "मिटिंगमध्ये मी सगळ्यांना सांगत होते, मी कापणार नाही, कापणार नाही म्हणून. रोज सांगत होते."

मी दुसरीकडे बघायला लागलो. खात्या कोण, ते मला नंतर दिवाल्याने सांगितलं. रायसिंगचा धाकटा चुलता. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. रायसिंगने नाव घेतलं नाही तर दुसरं कोणी घेणारं नाही.

म्हातारा शालीची घडी घालायला लागला. मला वाटलं, आता हा पोरीला काहीतरी लागेल असं बोलणार. मग त्याच्या गळ्यातून आवाज आला. आधी मला खोकला वाटला. तो हसत होता.

"खात्याला," तो म्हणाला, "जिता होता तेव्हापण पंगतीत विसरायचे. सगळे बसले, खाल्लं, हात धुतले, मग कोणीतरी म्हणायचं, अरे खात्या कुठे?"

सुषमाला हसू आलं नाही. "मग मी काय करू?"

तेवढ्यात आतून माझ्याच नव्या स्पीकरवर तिचं नाव पुकारलं. पिक्चरवाल्या पोरांना सर्टिफिकेट देत होते. सुषमा पावरा, स्टेजवर यावं. ती हलली नाही. पुन्हा पुकारलं.

"जा," रायसिंग म्हणाला.

"नाही जात. काय देणार आहेत? कागद."

"कागद तर कागद. जा, घेऊन ये. दिवाल्या थांबेल."

"दिवाल्या थांबणार नाही," दिवाल्या म्हणाला, पण त्याने दुसरी बिडी पेटवली.

ती गेली. म्हातारा माझ्याकडे वळला आणि अहिराणीत म्हणाला, "चुनीभाऊ, जे कापं ते परत जोडता येस का?"

"मोबाईलमा व्हई तिना तं येस. तो कापेल तुकडा टाकी नही दिधा व्हई तं."

"हाललेल शे म्हने तठे."

"हा. साफ नही दिसाव."

"हालू दे. खात्या कोठे सरळ चालना कधी." तो जीपमधी वर चढला, मी हात दिला. "सांग तिले. जोडी ले म्हना. मंग पुढलं देखूत."

सुषमा सर्टिफिकेट घेऊन आली तोवर जीप भरली होती. मी तिला सांगितलं. ती जीपकडे गेली, आजाशी काहीतरी बोलली, काय ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. जीप निघाल्यावर ती फाटकाशीच उभी राहून मोबाईलमधी काहीतरी शोधत होती. बोट वर-खाली, वर-खाली. शोधताना एकदा तोंडातल्या तोंडात बोलली, "आहे, आहे." मला विचारलं, "काका, पुठ्ठा कुठे आहे?"

"फेकला बेटा."

"बरं केलं," ती म्हणाली आणि होस्टेलकडे गेली. माझ्यावरचा राग पुरता गेला नव्हता, चालण्यावरून कळत होतं.

मी ताडपत्र्या उतरवल्या. वायरी गुंडाळल्या. कंबर दुखत होती. घरी रंजनाबाईने विचारलं, कसं व्हयनं. मी म्हटलं, सगळे खुश शेतस. ती म्हणाली, "मंग तुम्हीन असं तोंड का करेल शे?" मी जेवलो आणि झोपलो.

गॅदरिंग झाल्यावर काही दिवसांनी प्राचार्यांचा फोन आला. आवाज तोच, दमलेला. "चुनीभाऊ, जरा अडचण आहे. युनिव्हर्सिटीने पोरांचे पिक्चर मागवलेत. सुषमाचापण पाठवायला लागेल, नाहीतर विचारतील का नाही पाठवला. तिथे काही तुम्ही पुठ्ठा धरायला जाणार नाही. तर कमिटी पुन्हा एकदा बघून घेईल. पडदा घेऊन या."

"येतो, सर."

"हेमांगी मॅडम म्हणत होत्या, सुषमाने परवा पुन्हा काहीतरी काम केलंय त्याच्यावर. स्वतःहून. ऐकून बरं वाटलं मला. पोर समजदार आहे." मग विचारलं, "आता तरी बराच लहान झाला असेल ना?"

काल सुषमा येऊन मला दाखवून गेली होती. म्हाताऱ्याचा हात दिसत नाही, धार दिसत नाही, नुसती जमीन हलते आणि मधी एक नाव येतं.

"नाही, सर," मी म्हटलं. "पहिल्यापेक्षा मोठा झालाय."

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "या मग. चहाच्या आधी या."

मी पडदा गाडीत टाकला.